गाडी दान करायची ठरली, पण न्यायला कोणी येत नाही: मोफत पिकअप कुठे अडतो आणि काय करायचं

अमेरिकेत जुनी गाडी चॅरिटीला द्यायची म्हटली की सुरुवात फार सोपी असते. गाडीचं साल, मॉडेल, मैल आणि पत्ता भरला की 'आमचा माणूस येऊन गाडी मोफत घेऊन जाईल' असा निरोप येतो. अडचणी त्यानंतर सुरू होतात. ठरलेल्या दिवशी ट्रक येतच नाही. किंवा येतो, ड्रायव्हर गाडीभोवती एक चक्कर मारतो आणि 'नाही जमणार' म्हणून निघून जातो. दर उन्हाळ्यात, लोक घरं बदलतात किंवा कायमचे भारतात परततात तेव्हा, आमच्या भागातल्या मराठी मंडळींचे मला याच विषयावर फोन येतात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तर हमखास येतात. बहुतेकांना वाटतं, संस्थाच बेफिकीर आहे. मला तसं वाटत नाही. गाडी जागची हलत नाही याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: तुम्ही फोनवर जे सांगितलं, ते ट्रक चालवणाऱ्यापर्यंत पोचलेलंच नसतं.

ट्रक नेमका कोणाचा असतो

गाडी स्वीकारणाऱ्या मोठ्या संस्थांकडेही सहसा स्वतःचे टो ट्रक नसतात. सार्वजनिक रेडिओ केंद्रं, हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटीसारख्या घरबांधणीच्या संस्था, प्राण्यांची निवारागृहं, सगळीकडे साधारण एकच पद्धत असते. संस्थेने गाड्यांचं काम एका मध्यस्थ कंपनीकडे सोपवलेलं असतं. ती कंपनी तुमची माहिती गाड्यांचा लिलाव करणाऱ्यांकडे पाठवते. लिलाववाले तुमच्या भागातल्या एखाद्या टोइंगवाल्याला काम देतात आणि त्याचा डिस्पॅचर, म्हणजे ट्रकना कामं वाटून देणारा माणूस, ते ड्रायव्हरच्या फोनवर टाकतो. एवढे हात बदलल्यावर ड्रायव्हरच्या हातात बऱ्याचदा फक्त गाडीचं नाव, पत्ता आणि तुमचा नंबर उरतो. गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये आहे, बॅटरी उतरलेली आहे, पुढचं डावं चाक बसलेलं आहे, हे सगळं तुम्ही पहिल्याच फोनवर प्रामाणिकपणे सांगितलेलं असतं, पण ते वाटेतच गळतं.

पैशाचा मार्गही लक्षात घ्या. तुमच्याकडून कोणी काही घेत नाही, पण टोइंगवाल्याला पैसे मिळतातच. ते गाडी विकून आलेल्या रकमेतून वजा होतात आणि मध्यस्थाचा वाटा काढून उरलेलं संस्थेला जातं. त्यामुळे गाडी भंगाराच्या भावाची असेल आणि घर शहरापासून फार लांब असेल, तर हिशोब बसत नाही. मग ती विनंती नाकारली जाते, किंवा त्या बाजूची आणखी एखादी गाडी मिळेपर्यंत पडून राहते. असं होतंय असा संशय आला तर आडून न विचारता सरळ विचारा: 'माझी गाडी तुम्ही घेणार आहात की नाही?' स्पष्ट नकार मिळाला तर तुमच्याच काउंटीतली एखादी संस्था शोधा, कारण जवळच्या यार्डापर्यंत नेण्याचा खर्च कमी येतो. काही कम्युनिटी कॉलेजं आणि व्यवसाय-शिक्षणाच्या शाळा मुलांना शिकवायला जुन्या गाड्या घेतात. बंद पडलेल्या गाडीसाठी तो फार चांगला पर्याय आहे. तिथे गाडी वापरात राहते, आणि त्याचा टॅक्सच्या सवलतीवरही परिणाम होतो. ते पुढे येईलच.

आणि ड्रायव्हरने दारात उभं राहून रोख पैसे मागितले तर देऊ नका. तिथूनच मध्यस्थाला फोन लावा.

ठरलेल्या दिवशी कोणी आलंच नाही

आधी स्वतःच्या फोनची कॉल-यादी बघा. हे सांगायला किरकोळ वाटतं, पण यातच निम्मी उत्तरं सापडतात. ड्रायव्हर निघण्यापूर्वी स्वतःच्या मोबाइलवरून फोन करतो. तो नंबर तुमच्या ओळखीचा नसतो. आयफोनवर अनोळखी नंबर गप्प करण्याचं सेटिंग चालू असेल तर घंटीसुद्धा वाजत नाही. ड्रायव्हर 'संपर्क झाला नाही' अशी नोंद करून पुढच्या कामाला लागतो आणि तुम्ही संध्याकाळपर्यंत खिडकीतून बघत बसता. पिकअपच्या आदल्या दिवसापासून ते सेटिंग बंद ठेवा आणि व्हॉइसमेल भरलेला नाही ना ते पाहा.

फोन आलेलाच नसेल तर संस्थेच्या मुख्य नंबरवर फोन करण्यात वेळ घालवू नका. तिथली माणसं चांगली असतात, पण ट्रक कुठे आहे हे त्यांना दिसत नाही. मध्यस्थ कंपनीला फोन करा, आपला संदर्भ क्रमांक द्या आणि दोन गोष्टी मागून घ्या: लिलाववाल्यांनी तुमच्या गाडीला दिलेला स्टॉक नंबर किंवा लॉट नंबर, आणि टोइंग कंपनीच्या डिस्पॅचरचा फोन. स्टॉक नंबर अजून पडलेलाच नसेल तर तुमचं काम पहिल्याच पायरीवर अडकलंय, टोइंगवाल्याला विचारून उपयोग नाही. नंबर पडला असेल पण टोइंगवाल्याला काम गेलेलं नसेल, तर अडथळा लिलाववाल्यांकडे आहे. आणि डिस्पॅचरकडे काम दिसत असेल तर त्याच्याशीच बोला. गाडी कोणत्या टप्प्यावर अडकलीय ते कळलं की एका फोनमध्ये काम मार्गी लागतं. नाहीतर रोज नव्या माणसाला तीच कहाणी पहिल्यापासून ऐकवत बसावं लागतं.

डिस्पॅचर फोनवर मिळाला की गाडीची स्थिती त्याला पुन्हा सांगा, आधी कितीही वेळा सांगितलेली असली तरी. साधारण असं बोललं तरी पुरतं: '२००८ची सेडान, पुढच्या चाकांवर चालणारी. सुरू होत नाही. चावी आहे. न्यूट्रलला जाते, स्टीअरिंग फिरतं. चारही चाकांत हवा आहे. गाडी उघड्यावर, ड्राइव्हवेमध्ये आहे, तोंड रस्त्याकडे. टायटल माझ्या हातात आहे. मी दिवसभर घरी आहे.' (टायटल म्हणजे गाडीच्या मालकीचा सरकारी कागद.) कोणता ट्रक पाठवायचा आणि फेरी फुकट जाणार का, हे या वाक्यांवरच ठरतं. नंतर हेच मेसेज करून त्याच नंबरवर पाठवा, सोबत गाडीचे चारही बाजूंनी काढलेले फोटो जोडा. ड्रायव्हर निघण्याआधी फोटो बघतो, आणि ट्रक रिकामा परत जाण्याचे निम्मे प्रसंग तिथेच टळतात असं मी बघत आलेय.

ट्रक आला आणि रिकामा परत गेला

'ताई, ट्रकवाला दारात आहे, म्हणतोय गाडी न्यूट्रलला जात नाही, आता काय करू?' असा फोन आला की मी पहिल्यांदा विचारते, बॅटरी जिवंत आहे का. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक दाबल्याशिवाय गिअर पार्कमधून हलू नये म्हणून एक कुलूप असतं, आणि ते विजेवर चालतं. बॅटरी पूर्ण उतरली की तुम्ही कितीही ब्रेक दाबला तरी दांडा हलत नाही. चाकं अडकलेली असताना गाडी ओढून वर घेणं ड्रायव्हरला जोखमीचं वाटतं, आणि ते बरोबरही आहे.

यावर उपाय बहुतेक गाड्यांमध्ये दांड्याशेजारीच असतो. दांड्याच्या बाजूला, साधारण करंगळीच्या नखाएवढं प्लास्टिकचं झाकण दिसेल. ते सपाट स्क्रू-ड्रायव्हरने हळूच वर उचकटा, आत एक खाच असते. उतार नाही ना हे बघा, हँडब्रेक ओढा, चावी फिरवून स्टीअरिंगचं कुलूप सोडवा, पाय ब्रेकवर ठेवा. मग स्क्रू-ड्रायव्हर खाचेत घालून खाली दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने दांडा न्यूट्रलवर आणा. काही गाड्यांत ही खाच दांड्याच्या कातडी आवरणाखाली किंवा कन्सोलच्या आत असते. मालकाच्या पुस्तिकेत तिचं चित्र सापडतं. हे आदल्या दिवशी एकदा करून बघा, म्हणजे ट्रक दारात उभा असताना घाई होणार नाही. करून झालं की दांडा परत पार्कवर आणा.

नव्या गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. जिथे हँडब्रेकच्या जागी बटण आहे, तिथे तो ब्रेकही विजेवरच सुटतो. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीत बारा व्होल्टची बॅटरी गेली की गाडी ना रिमोटने उघडते ना न्यूट्रलला जाते. पूर्ण विजेवर चालणाऱ्या गाडीतही ही छोटी बॅटरी असते, आणि मोठी बॅटरी भरलेली असली तरी ही गेली की गाडी मुकी होते. अशा वेळी शेजाऱ्याकडून जंप-स्टार्टर आणून तेवढ्यापुरती वीज द्या. ड्रायव्हरकडे तो सहसा असतो, पण त्याच्यावर विसंबू नका. विजेच्या गाडीला चाकं जमिनीवर ठेवून ओढत नेता येत नाही, आणि चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीलाही दोन चाकं उचलून नेलं तर इजा होऊ शकते. दोन्हींसाठी फ्लॅटबेड, म्हणजे सपाट फळीचा ट्रक लागतो, हे डिस्पॅचरला आधीच सांगा.

चाकांत हवा नसेल तर भरून ठेवा. टायर जुना असला तरी हरकत नाही, गाडी फळीवर चढेपर्यंत हवा टिकली म्हणजे झालं. चाकच गायब असेल किंवा गाडी विटांवर ठेवलेली असेल तर ती मोफत पिकअपमध्ये सहसा बसत नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे गाडीखालचा धूर स्वच्छ करणारा भाग, चोरीला गेला असेल तर तेही आधी सांगा. त्याने गाडीची भंगारातली किंमत उतरते, म्हणून काही कार्यक्रम अशी गाडी घेत नाहीत.

आता जागेबद्दल. तळघरातल्या पार्किंगची उंची बऱ्याच ठिकाणी सात फुटांच्या आसपास असते. फ्लॅटबेड तिथे शिरत नाही. बुटका ट्रक असणारे टोइंगवाले असतात, पण तो मुद्दाम मागवावा लागतो. गाडी चालत असेल तर आदल्या रात्री बाहेर आणून ठेवा. चालत नसेल तर पार्किंगच्या दारावर लिहिलेली उंची फोटोसकट पाठवा. अपार्टमेंटच्या आवारात टो ट्रक दिसला की व्यवस्थापनाची माणसं थांबवतात, म्हणून त्यांना दिवस कळवून ठेवा आणि फाटकाचा कोड ड्रायव्हरला द्या. गाडीच्या पुढे-मागे दुसऱ्याच्या गाड्या खेटून उभ्या असतील तर ड्रायव्हर वाट बघत थांबत नाही. त्याला दिवसात अशा बऱ्याच गाड्या उचलायच्या असतात, आणि रिकाम्या फेरीचे त्याला फार थोडे पैसे मिळतात. त्याच्या वेळेचा आपणही विचार करायला हवा.

चावी नसेल तर ते पहिल्याच फोनला सांगा. चावीशिवाय गाडी नेता येते, पण स्टीअरिंगला कुलूप लागलेलं असतं, चाकांखाली सरकपट्ट्या घालाव्या लागतात, आणि त्याची तयारी असलेलाच ट्रक यावा लागतो.

गाडी तयार, टायटल नाही

माझ्या मते खरा अडथळा इथेच आहे. गाडीची खोड आदल्या दिवशीही सुधारता येते. कागदाला आठवडे लागतात. म्हणून माझा आग्रह असतो की टायटल हातात आल्याशिवाय पिकअपची तारीखच घेऊ नका.

टायटल बाहेर काढून तीन गोष्टी बघा. पहिली, त्यावर बँकेचं नाव लीनहोल्डर म्हणून आहे का. लीन म्हणजे कर्जापोटी गाडीवर असलेला बँकेचा हक्क. कर्ज कधीच फिटलं असेल, तरी कागदावर बँक तशीच राहिलेली असते. बँकेकडून लीन सोडल्याचं पत्र मागवा. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर नव्या बँकेकडे जा. बँक बुडाली असेल तर एफडीआयसी या सरकारी संस्थेकडे अशा लीनमुक्तीसाठी अर्ज करता येतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. काही राज्यांत टायटल कागदावर नसून इलेक्ट्रॉनिक नोंदीत असतं. फ्लोरिडात हे अगदी सर्रास आहे. तिथे आधी कागदी प्रत मागवावी लागते.

दुसरी गोष्ट नावांची. नवरा-बायको दोघांच्या नावावर गाडी असेल तर मधला शब्द बघा. कॅलिफोर्नियात दोन नावांमध्ये 'अँड' असेल किंवा तिरकी रेघ असेल तर दोघांच्याही सह्या लागतात. 'ऑर' असेल तर एकाची पुरते. लग्नानंतर नाव बदललं असेल, किंवा टायटलवर वडिलांचं नाव मधे आहे आणि लायसन्सवर नाही, असं आपल्याकडे नेहमी होतं. सही टायटलवर छापलेल्या नावाप्रमाणेच करा. फरक मोठा असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं लिहून द्यावं लागतं. कॅलिफोर्नियात त्यासाठी आरईजी २५६ हा फॉर्म आहे.

तिसरी, मागच्या बाजूच्या रकाने. ड्रायव्हर येण्याआधी सही करून ठेवू नका. कुठे सही, कुठे मैल, खरेदीदाराच्या ओळीत काय लिहायचं, हे मध्यस्थाकडून लेखी मागवा. चुकून दुसऱ्या रकान्यात सही झाली आणि पांढरी शाई लावली, तर ते टायटल बाद होऊन पुन्हा नवीन काढायची पाळी येते. पेनसिल्व्हेनिया, ओहायो आणि नॉर्थ कॅरोलायनात विकणाऱ्याची सही नोटरीसमोर व्हावी लागते, म्हणजे ड्रायव्हरसमोर सही करून भागत नाही. २०११ किंवा त्यानंतरच्या मॉडेलच्या गाडीला ओडोमीटरचा आकडा लिहून द्यावा लागतो. २०१० आणि त्याआधीच्या गाड्या त्या केंद्रीय नियमातून सुटलेल्या आहेत.

खरेदीदाराची ओळ कोरी ठेवा, असं काही कार्यक्रम सांगतात, कारण नाव पुढे लिलावाच्या वेळी भरलं जातं. मला ते आवडत नाही. आधी संस्थेचं नाव लिहू का असं विचारा. नाहीच म्हणाले तर सही केलेल्या टायटलचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, ड्रायव्हरकडून तारीख, व्हिन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) आणि संस्थेचं नाव असलेली पावती घ्या, आणि त्याच दिवशी डीएमव्हीला, म्हणजे राज्याच्या वाहन खात्याला, कळवा. टायटल गाडीत किंवा पायपुसण्याखाली कधीही ठेवू नका. सही केलेलं टायटल ज्याच्या हाती पडेल, त्याच्या ताब्यात गाडी गेल्यासारखीच असते.

टायटल हरवलं असेल तर दुय्यम प्रत मिळते. कॅलिफोर्नियात आरईजी २२७, टेक्ससमध्ये व्हीटीआर-३४. गाडी वारलेल्या माणसाच्या नावावर असेल तर प्रत्येक राज्याचा मार्ग वेगळा आहे. कॅलिफोर्नियात मृत्यूला ४० दिवस झाल्यावर, आणि मालमत्ता प्रोबेटमध्ये, म्हणजे वारसा ठरवणाऱ्या कोर्टाच्या प्रक्रियेत, जाणार नसेल, तर वारसाला आरईजी ५ भरून गाडी देता येते. घरात दुःखाचे दिवस असताना या कागदांची घाई कोणी करू नये. चॅरिटी कुठे पळून जात नाही.

भारतात परत जाणाऱ्यांसाठी

विमान रविवारी आणि पिकअप शनिवारी, असं ठेवू नका. एक फेरी फुकट जाईल असं धरूनच तारीख घ्या. शेवटचे दिवस भाड्याच्या गाडीवर काढले तर थोडा खर्च होतो, पण गाडी मागे सोडून जाण्यापेक्षा तो कितीतरी बरा.

गाडी मागे राहणारच असेल तर निघण्याआधी विश्वासातल्या माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवा. साध्या चिठ्ठीवर भागत नाही. डीएमव्हीचे ठरलेले फॉर्म आहेत, कॅलिफोर्नियात आरईजी २६०, टेक्ससमध्ये व्हीटीआर-२७१. इथे असताना हे काम अर्ध्या तासाचं आहे. तेच पुण्याला पोचल्यावर करायचं आणि नोटरीची सही लागली, तर मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत अपॉइंटमेंट घ्यावी लागते आणि दर शिक्क्याला ५० डॉलर पडतात. मूळ टायटल आणि चावी त्या मित्राच्या हातात द्या, आणि पिकअपच्या नोंदीत त्याचाच फोन नंबर असू द्या. तुमचा अमेरिकेतला नंबर तोवर बंद झालेला असतो, आणि ट्रकवाला त्याच नंबरवर फोन करत राहतो.

टॅक्सची पावती कुठे पाठवायची तो पत्ताही बदलून ठेवा. ती बऱ्याच दिवसांनी निघते आणि रिकाम्या अपार्टमेंटच्या पेटीत जाऊन पडते.

गाडी गेल्यावर त्याच दिवशी

ट्रक वळणापलीकडे गेला म्हणजे जबाबदारी संपली असं नाही. डीएमव्हीच्या नोंदीत गाडी अजून तुमचीच आहे. कॅलिफोर्नियात आरईजी १३८ ही सूचना ५ दिवसांच्या आत द्यायची असते, ऑनलाइन भरता येते. टेक्ससमध्ये व्हीटीआर-३४६साठी ३० दिवस आहेत. ही राहून गेली तर पुढच्या मालकाची टोलची बिलं आणि पार्किंगचे दंड तुमच्या दारात येतात.

नंबर प्लेटचा नियम राज्यागणिक उलटसुलट आहे. कॅलिफोर्नियात साध्या प्लेट गाडीवरच राहतात. न्यूयॉर्क आणि न्यूजर्सीत काढून परत जमा करायच्या, आणि न्यूयॉर्कमध्ये प्लेट जमा केल्याशिवाय विमा बंद करायचा नाही, नाहीतर लायसन्सवर कारवाई होऊ शकते. स्क्रू गंजलेले असतात, म्हणून आदल्या दिवशीच त्यावर तेल सोडून सैल करून ठेवा. विमा नेहमी शेवटी बंद करा: आधी गाडी जाऊ दे, मग सूचना, मग प्लेट, मग विमा.

ई-झेडपास किंवा फास्ट्रॅकचं टोलचं यंत्र काचेवरून काढा. गॅरेज उघडायचं रिमोट काढा, आणि गाडीतच बसवलेल्या बटणांत गॅरेजचा कोड साठवलेला असेल तर तो पुसा. स्क्रीनमधून फोन आणि घरचा पत्ता काढून टाका. सीटखाली हात घालून बघा. मुलांच्या वस्तू आणि देवाची छोटी मूर्ती हमखास राहते.

पावती आणि टॅक्स

पिकअपशी याचा संबंध असा की गाडी देतानाच सोशल सिक्युरिटी नंबर आणि बरोबर पत्ता दिलेला नसेल तर पुढे पावती अडते. फोनवर अनोळखी माणसाला हा नंबर द्यायची भीती योग्यच आहे. आधी आयआरएस या केंद्रीय कर खात्याच्या करमुक्त संस्थांच्या शोधात नाव बघून ती ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था, आहे याची खात्री करा, मग त्यांच्या सुरक्षित फॉर्मवर नंबर भरा. ५००हून जास्त डॉलरची सवलत मागायची तर पावतीवर तो नंबर लागतोच.

ड्रायव्हर देतो ती पावती गाडी नेल्याची. टॅक्ससाठी लागतो तो फॉर्म १०९८-सी. गाडी विकल्यापासून ३० दिवसांत संस्थेने तो द्यायचा असतो, आणि लिलावालाच वेळ लागतो, म्हणून उशीर वाटतो. चौकशी करताना 'पावती कधी' असं न विचारता 'गाडी कोणत्या तारखेला विकली' असं विचारा, म्हणजे दिवस कुठून मोजायचे ते कळतं.

रक्कम बघून अनेकांची निराशा होते. केली ब्लू बुक या गाड्यांच्या किमतींच्या यादीत गाडी ३,००० डॉलरची दिसते आणि लिलावात ९०० डॉलरला जाते. २००५पासून कायदा असा आहे की ५०० डॉलरच्या वर सवलत मागायची तर ती सहसा लिलावात आलेल्या रकमेहून जास्त मिळत नाही, म्हणजे या उदाहरणात फार तर ९००. संस्थेने गाडी स्वतः लक्षणीय प्रमाणात वापरली, तिची मोठी दुरुस्ती केली किंवा गरजूला फुकट अथवा बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी किमतीत दिली, तर बाजारभाव धरता येतो. व्यवसाय-शिक्षणाच्या शाळेचा उल्लेख मी केला तो यासाठी. अर्थात ते पावतीवर तसं प्रमाणित करतात का ते आधी विचारा. गाडी ५०० किंवा त्याहून कमी डॉलरला विकली गेली तर ५०० किंवा बाजारभाव, यातलं कमी असेल ते धरता येतं. हे सगळं रिटर्नला वजावटीच्या खर्चांची यादी जोडणाऱ्यांनाच लागू आहे. स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे त्या यादीऐवजी मिळणारी ठराविक वजावट, घेणाऱ्यांना गाडीच्या दानाने टॅक्समध्ये काही फरक पडत नाही. एफ-१ व्हिसावरच्या आपल्या विद्यार्थ्यांनाही भारत-अमेरिका कराराच्या कलम २१(२)मुळे स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं, आणि ते घेतलं तर गाडीसाठी वेगळं काही मिळत नाही. तरीही दान जरूर करा; गाडीचे पैसे कोणाच्या तरी कामी येतातच.

वर्षअखेरीला देत असाल तर गाडी आणि टायटल दोन्ही ३१ डिसेंबरच्या आत संस्थेच्या वतीने आलेल्या माणसाच्या ताब्यात गेलेलं बरं. त्या आठवड्यात टोइंगवाल्यांकडे गर्दी असते, म्हणून नोव्हेंबरातच नाव नोंदवा.

रिटर्न भरायची वेळ आली आणि १०९८-सी अजून आलेलाच नसेल, तर अंदाजाने आकडा टाकू नका. दोन मार्ग आहेत. फॉर्म ४८६८ भरून सहा महिन्यांची मुदत घ्या, पण टॅक्स देणं असेल तर तो एप्रिलमध्येच भरा. किंवा ही सवलत न मागता रिटर्न भरा, आणि फॉर्म हातात आल्यावर १०४०-एक्स भरून दुरुस्ती करा. फॉर्म आला की त्याची बी प्रत रिटर्नला जोडायची असते. ऑनलाइन भरत असाल तर ती फॉर्म ८४५३बरोबर टपालाने पाठवा. ५०० डॉलरच्या वर सवलत मागत असाल तर फॉर्म ८२८३ही लागतो. वारंवार विचारूनही संस्था उत्तर देत नसेल, तर राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे चॅरिटीच्या तक्रारींचा विभाग असतो. पिकअपची पावती आणि टायटलचे फोटो जोडून तिथे लिहा.